शोधनिबंध आणि चेहऱ्याची कातडी

परवा दवाखान्यात लग्न ठरलेली एक मुलगी आली. चेहरा लालबुंद, उन्हात आग, गालांवर लव वाढलेली. पर्समधून तिने मलमाची ट्यूब काढली. "मैत्रिणीने सांगितली, गोरं व्हायला. आठ महिने लावतेय, डॉक्टरकाका. बंद केली की जास्तच आग होते."

ट्यूबमध्ये तीन औषधे होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. असे मिश्रण अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली मांडले. वांगावर ते गुणकारी आहे. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक आठवडेच. मुरुमांवरील ट्रेटिनॉइनचे श्रेयही त्यांना जाते. त्यांचे निबंध जगभर वाचले गेले. मात्र फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर त्यांनी १९७४ पर्यंत प्रयोग केले. त्याबद्दल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ मध्ये माफी मागितली.

म्हणून मला वाटते, संशोधकाची थोरवी नुसत्या निबंधांच्या संख्येवर मोजू नये. संशोधन कोणाच्या कातडीवर झाले आणि औषध पुढे कोणाच्या कातडीवर गेले, दोन्ही पाहावे. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा दोष क्लिगमन यांच्या माथी मारता येणार नाही. तो चिठ्ठीशिवाय ट्यूब विकणाऱ्यांचा, आणि "तोंडाला काय लावतेस?" हे न विचारणाऱ्या आम्हा डॉक्टरांचाही आहे.

२०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ट्यूबा घरोघरी आहेतच. वाचकहो, तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर ती मनानेच एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि मुलींना एवढे सांगा, सावळा रंग हा काही आजार नव्हे.