स्वस्त विमानाचा महाग हिशेब

भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी विमानप्रवास हा आता केवळ कुतूहलाचा विषय उरलेला नाही. मुलगा पुण्याला नोकरीस, मुलगी बंगळूरला, मुलाखत मुंबईस किंवा दिल्लीस, आजारी नातलग हैदराबादच्या रुग्णालयात, अशी निमित्ते व्यापाऱ्याच्या घरी येतात तशी शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरीही येतात. मग घरातला शिकलेला मुलगा मोबाईलवर भाडी पाहू लागतो आणि एकच प्रश्न विचारला जातो : कोणत्या कंपनीचे तिकीट स्वस्त? प्रश्न साहजिक आहे. परंतु तो अपुरा आहे. तिकिटाची किंमत आणि प्रवासाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नागपूरपासून दूर राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अंतर अधिकच वाढते.

नागपूरला विमानांचे अप्रूप कधीच नव्हते. 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. 1953 मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. 1994 मध्ये तो कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना दार पूर्णपणे उघडले. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने 2003 मध्ये मध्यमवर्गाला परवडणाऱ्या भाड्याची वाट दाखविली. पाठोपाठ 2005 मध्ये स्पाइसजेट व गोएअर आणि 2006 मध्ये इंडिगो आली. स्पर्धेचे ते दिवस प्रवाशाला सुखाचे होते, यात संशय नाही.

परंतु त्या स्पर्धेतील किती गडी आज मैदानात उरले? डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली. गो फर्स्टने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनांच्या तुटवड्याला तिने दोष दिला, पण आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले ते अडकलेच. 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात मिसळली. सारांश, फलकावरची नावे कमी झाली आणि देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे दोनतृतीयांश प्रवासी एकट्या इंडिगोच्या विमानांत बसू लागले.

स्वस्त कोणाला?

हिशेब मांडून पाहावा. समजा, नागपूर-पुणे प्रवासासाठी एका कंपनीचे पहाटेचे तिकीट 4,000 रुपयांना आहे आणि दुसरीचे दुपारचे 4,800 रुपयांना. नागपूरच्या धंतोलीत राहणारा माणूस डोळे मिटून पहिले घेईल, आणि त्याचे ते बरोबरच ठरेल. भिवापूरच्या माणसाला मात्र उमरेडमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर यावयाचे आहे. उड्डाणापूर्वी तासभर आधी सामानाची खिडकी बंद होते. म्हणजे त्याला मध्यरात्री गाडी ठरवावी लागेल किंवा आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करावा लागेल. नागभीडची नॅरोगेज गाडी गेज रूपांतरासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली तेव्हापासून एस. टी. आणि खाजगी वाहन यांवरच भिस्त. आठशे रुपये वाचविण्यासाठी दोन हजार खर्च करण्याचा हा व्यवहार म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सामानाचेही तसेच. देशांतर्गत प्रवासात 15 किलोपर्यंतचे सामान विमानाच्या पोटात विनाशुल्क नेता येते, अशी साधारण पद्धत. परंतु सामान न देणाऱ्यास भाड्यात सवलत देण्याची मुभा फेब्रुवारी 2021 मध्ये कंपन्यांना मिळाली. सवलतीचे तिकीट घेतले आणि ऐनवेळी आईने मुलासाठी भिवापुरी मिरचीचे तिखट बांधून दिले, की पंचाईत! मिरचीपूड हातातल्या पिशवीत चालत नाही. सामान खिडकीवर द्यावे लागते आणि तेथील दर घरबसल्या भरलेल्या दरापेक्षा चढा असतो. आसनाची निवड, खाणे, तारखेतील बदल या प्रत्येकाचे मोल वेगळे. म्हणून तुलना करावयाची ती पहिल्या पडद्यावरच्या आकड्यांची करू नये. पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवरील आकड्यांत घर ते विमानतळ हा खर्च मिळवून करावी.

एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते, त्यामुळे सकाळचा थोडा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो, हेही ध्यानात ठेवावे. मुलाखतीसारखे न चुकविता येणारे काम असेल तर दिवसाच्या अखेरच्या विमानाचा भरवसा धरू नये. दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे जोडून दूरचा प्रवास आखणे तर धोक्याचेच. पहिले विमान उशिरा पोचल्यास दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही.

डिसेंबरचा धडा

एवढी दक्षता घेऊनही प्रवासी किती असहाय असतो, हे डिसेंबर 2025 ने दाखविले. वैमानिकांच्या थकव्याला आळा घालणारे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याच्या संख्येवर कडक बंधन आले. नियम योग्यच होते. झोपाळलेल्या वैमानिकाच्या हाती आपला जीव सोपवावा असे कोण म्हणेल? परंतु तयारीस पुरेसा अवधी असूनही इंडिगोचे मनुष्यबळ अपुरे पडले आणि काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली, तेव्हा सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली : 500 ते 1,000 किलोमीटरांसाठी 12,000 रुपये, करांव्यतिरिक्त. नागपूरहून मुंबई वा पुणे याच टप्प्यात येते. लिपिकाच्या पगाराकडे पाहता संरक्षणाचा हा आकडाही धडकी भरविणाराच होता.

त्याहून गंभीर बाब पुढे घडली. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमांतून त्याच कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली. पुढे कंपनीची उड्डाणे कमी करण्यात आली, हे खरे. तथापि नियम मोडकळीस आला तो कंपनी फार मोठी होती म्हणून. ती थांबली तर देशच थांबतो, अशी अवस्था होती म्हणून. मक्तेदारीचे खरे भय चढ्या भाड्यापेक्षा येथे आहे.

मागणी काय असावी?

नियमांनुसार पूर्वसूचनेविना उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मिळतो. शिवाय एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी कमाल 5,000, दोन तासांपर्यंत 7,500 आणि त्यापुढे 10,000 रुपये भरपाई देय ठरू शकते. मात्र मूळ भाडे व इंधन आकार यांची बेरीज याहून कमी असेल तर तेवढीच मिळते. आणि कंपनीच्या आवाक्याबाहेरचे कारण असेल तर काहीच मिळत नाही. हा हक्क मागणाऱ्यालाच मिळतो, न मागणाऱ्याला नाही. तो आपोआप मिळावा, ही पहिली मागणी. नागपूरसारख्या प्रत्येक विमानतळावरून कोणत्या मार्गावर कोणाचे विमान किती वेळा रद्द झाले, याची माहिती दरमहा ठळकपणे प्रसिद्ध व्हावी, ही दुसरी. आणि उड्डाणांच्या वेळा वाटताना देशातील कंपन्यांची संख्या न मोजता त्या त्या मार्गावर खरोखर किती पर्याय उरतात ते पाहावे, ही तिसरी.

चौथी मागणी विमानाची नाही, रेल्वेची आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. ती सुमारे बारा तास घेते. विमानाशी तिची वेगात बरोबरी नाही, पण विमानाला भाड्याचा लगाम घालणारी खरी प्रतिस्पर्धी तीच. साध्या शयनयानाचे भाडे घरात दुःखद प्रसंग घडला म्हणून तिपटीने वाढत नाही. ज्या मार्गावर भरवशाची आणि पुरेशी गाडी आहे, तेथे विमानकंपनीलाही मर्यादेत राहावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी भाडी पाहताना कंपन्यांच्या रंगीत नावांपेक्षा तीन प्रश्न आधी विचारावेत : घरापासून घरापर्यंत एकूण खर्च किती, हे विमान रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे आहे का, आणि तेही नसेल तर रात्रीची गाडी आहे का? पहिल्याचे उत्तर प्रत्येकाने स्वतः शोधावयाचे आहे. उरलेल्या दोहोंचे उत्तर देणे मात्र सरकारचे काम आहे, आणि ते त्याला पुन्हा पुन्हा विचारणे हे आपले.