धावायला काय शिकायचे?

बेसबॉल म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो बॅट उगारून उभा असलेला धिप्पाड खेळाडू. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि तो वीर डुलत डुलत मैदानाला फेरी मारून येतो. आपल्या महाविद्यालयांतील बेसबॉलच्या आणि सॉफ्टबॉलच्या सरावातही हेच चित्र लहान प्रमाणावर दिसते. बहुतेक वेळ बॅट हाती येण्याची वाट पाहण्यात जातो, उरलेला चेंडू झेलण्यात. धावण्याचा सराव म्हणजे मैदानाला चार फेऱ्या! अधिक काही विचारले तर उत्तर ठरलेले : "धावायला काय शिकायचे? पाय आहेत, पळावे." या उत्तराशी माझे भांडण आहे. बेसबॉलमध्ये धावणे ही शिकण्याची विद्या आहे, आणि ती न शिकवता संघ मैदानात उतरवणे म्हणजे अर्धा अभ्यासक्रम शिकवून परीक्षेला बसवणे होय.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्रिकेटमध्ये दोन टोकांमध्ये सरळ रेषेत धावायचे असते; दोघांनी टोके गाठली की धाव पदरात पडते. बेसबॉलमध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात आणि दोन बेसमध्ये ९० फुटांचे अंतर. चारही गाठून होमला परत यावे तेव्हा कुठे एक धाव. तिसऱ्या बेसवर उभे असताना डाव संपला तर २७० फुटांची सारी धावपळ फुकट! म्हणजे केवळ वेगाने पळून भागत नाही. कुठे थांबायचे, कुठे वळायचे, केव्हा जिवावर उदार व्हायचे आणि केव्हा मुकाट्याने मागे फिरायचे, हे प्रत्येक चेंडूला नव्याने ठरवावे लागते.

"वेग असला की झाले" हे मत अमेरिकेत एकदा प्रत्यक्ष कसाला लावून पाहिले गेले आहे. १९७४ साली ओकलंड ए'ज संघाचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी हर्ब वॉशिंग्टन या जागतिक दर्जाच्या धावपटूला करारबद्ध केले. काम एकच : दुसऱ्याच्या जागी बेसवर उभे राहायचे आणि पळायचे. दोन हंगामांत तो १०५ सामन्यांत उतरला. बॅट मात्र त्याने एकदाही हातात धरली नाही. १९७४ मध्ये त्याने २९ बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पुढचा बेस पटकावला. पण तसे करताना तो १६ वेळा बाद झाला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात, नवव्या डावात, ओकलंड एका धावेने मागे असताना त्याला पहिल्या बेसवर पाठवण्यात आले. बरोबरीची धाव त्याच्या पायांत होती. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर माइक मार्शल याने अचानक वळून चेंडू पहिल्या बेसकडे फेकला, आणि हा वाऱ्याशी शर्यत लावणारा मनुष्य एक पाऊलही पुढे न जाता बाद झाला. सामना तिथेच निसटला. ओकलंडने पुढे ती सिरीज जिंकली, तरी धडा कायम राहिला. शर्यतीत पिस्तुलाचा आवाज सर्वांना सारखाच ऐकू येतो. बेसवर आवाज होत नाही, पिचरच्या खांद्यात आणि टाचेत तो वाचावा लागतो.

हे वाचन ज्यांना साधले त्यांचे काय झाले तेही पाहू. रिकी हेंडरसन याने कारकिर्दीत १४०६ बेस चोरले. १९८२ या एका हंगामात १३०. वेग त्याच्याकडे होताच. पण कारकिर्दीत दर पाच प्रयत्नांत चार यशस्वी होणे हे नुसत्या वेगाचे काम नव्हे. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टन रेड सॉक्स न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध ०-३ असा मागे पडला होता. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात एका धावेची पिछाडी असताना डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवर बदली धावपटू म्हणून आला. तो दुसरा बेस चोरणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. पिचर मारियानो रिव्हेरा याने तीन वेळा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे पळवले. त्यानंतरच्या पहिल्याच चेंडूला रॉबर्ट्स निघाला आणि थोडक्यात पोहोचला. पुढच्या फटक्यावर त्याने बरोबरीची धाव काढली. बॉस्टनने तो सामना जिंकला, मग उरलेले तीनही, आणि अखेर १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज!

आता प्रत्यक्ष तंत्र. नियम असा की पहिला बेस गाठल्यावर सरळ पुढे निघून गेले तरी चालते. म्हणून तिथे वेग कमी न करता, उडी न मारता, बेस तुडवून पुढेच पळत जावे. सॉफ्टबॉलच्या काही मैदानांवर पहिला बेस दुहेरी असतो. तिथे धावणाऱ्याने आपल्या बाजूचा बेस तुडवावा. चेंडू कुठे गेला हे पाहायला मान वळवली की पाऊल आखडलेच. दोन बेस घ्यायचे असतील तर मात्र बेसच्या अलीकडेच थोडे बाहेर वळावे, शरीर आत झुकवावे आणि बेसचा आतला कोपरा पायाने दाबून पुढची सरळ रेषा पकडावी. जो काटकोनात वळू पाहतो तो एक तर थांबतो, नाही तर भलतीकडे भरकटतो. चेंडू उंच उडाला असेल तर झेल घेतला जाईपर्यंत धीर धरावा. कारण झेल झाल्यावर मूळ बेसला स्पर्श केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि मागे गेलेला चेंडू दिसत नसेल तर तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या मार्गदर्शकाच्या हातांकडे पाहावे. यातली एकही गोष्ट उपजत येत नाही.

साध्या गोष्टीची किंमत केवढी असते हे फ्रेड मर्कल याच्या नशिबाने दाखवून दिले. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सचा हा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्या बेसवर होता. सोबत्याने विजयी फटका मारला, तिसऱ्या बेसवरचा गडी होमला पोहोचला, लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच परत फिरला. त्या काळी अनेकजण तसेच करीत. पण शिकागो कब्जने नियमावर बोट ठेवले, मर्कल बाद ठरला, धाव रद्द झाली. हंगामाच्या अखेरीस दोन्ही संघ बरोबरीत आले, सामना पुन्हा खेळवला गेला आणि शिकागो जिंकला. एका न टाकलेल्या पावलाचे ओझे त्या बिचाऱ्याने जन्मभर वाहिले. मला दोष त्याचा वाटत नाही. "एवढे तर कळतेच" म्हणून जे शिकवले जात नाही, त्या प्रथेचा वाटतो.

कुणी म्हणेल, हा अमेरिकेचा थाट आपल्याला काय उपयोगाचा? मला नेमके उलटे वाटते. बॅट महाग, ग्लोव्हज त्याहून महाग. जिमखान्याच्या कपाटात जेवढे असतील तेवढ्यांचाच सराव होतो, बाकीचे कडेला बसून राहतात. धावण्याच्या शिक्षणाला मात्र चार पोती आणि मूठभर फक्की पुरते. सॉफ्टबॉलमध्ये अंतर ६० फुटांचे, आणि पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. म्हणजे तिथे तर नजरेची आणि पहिल्या पावलाची कसोटी अधिकच कडक. ज्या महाविद्यालयाकडे पैसा नाही, त्याला श्रीमंत संघाची बरोबरी करण्याची वाट इथेच खुली आहे.

म्हणून शारीरिक शिक्षणाच्या आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. सरावाचा पहिला अर्धा तास धावण्याला द्या, आणि तो सर्वांना द्या. संघनिवडीच्या वेळी शंभर मीटरचे घड्याळ जरूर लावा. पण पहिल्या बेसवरून तिसऱ्या बेसपर्यंत कोण नीट पोहोचतो हेही एकदा पाहा. कदाचित तुमच्या यादीत एखादे असे नाव येईल, जे आजवर कडेला बसून बॅटची वाट पाहत होते.