जाण्याचा हक्क, न जाण्याचा हक्क

पूर्वीच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव आहे. नाशिकजवळच्या लष्करी छावणीच्या देवळालीशी त्याची गल्लत करू नये. या गावात, आणि याच्यासारख्या शेकडो गावांत, सध्या एक प्रश्न घरोघरी उभा राहतो. संगणकाची पदवी वा पदविका घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला पुण्याच्या हिंजवडी अथवा खराडी भागातून ‘टेक सपोर्ट’च्या नोकरीचे पत्र येते. आठवडाभरात होकार कळवायचा असतो. आई म्हणते, परक्या शहरात कशाला? वडील म्हणतात, शिकवले ते घरी बसवण्यासाठी का? आणि ज्याने ठरवायचे तो मात्र पत्रातील आकड्याकडे पाहत राहतो.

हा प्रश्न त्या घराचा खाजगी प्रश्न आहे असे समजून आपली चळवळ आजवर गप्प बसली आहे. वस्तुतः काम कोठे असावे आणि ते तेथे नेण्याचा खर्च कोणी सोसावा, हा अर्थशास्त्राचा व म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. दूरच्या ग्राहकाचा संगणक, दूरध्वनी वा बँकेचा व्यवहार अडला की तो तक्रार करतो. ती तक्रार ऐकायची वा वाचायची आणि दोष सांगून दूर करायचा, हे टेक सपोर्टचे काम. ग्राहक अमेरिकेचा असेल तर त्याचा दिवस ही आपली रात्र असते. त्यामुळे रात्रपाळी हा या धंद्याचा अपवाद नसून नियमच आहे. या कामाचा कच्चा माल म्हणजे तक्रार आणि पक्का माल म्हणजे उत्तर. दोहोंनाही वजन नाही, आणि दोहोंचा प्रवास तारेतूनच होतो.

येथे प्रवरा खोऱ्याच्याच इतिहासाचे स्मरण करणे उचित होईल. कारखाना कोठे उभारावा याचे शास्त्र आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली मांडले. ज्या धंद्यात कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते, तो धंदा कच्च्या मालाजवळच असला पाहिजे, हा त्यातील एक सिद्धांत. एक टन उसातून साधारण शंभर-सव्वाशे किलो साखर निघते आणि तोडलेला ऊस पडून राहिला की साखरही घटते. म्हणून कारखाना उसाच्या फडाजवळ आला. पण तो कोणाच्या मालकीचा असावा, हे उसाच्या वजनाने ठरले नाही, माणसांनी ठरवले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या अखेरीस लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला, सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे राहुरीलाही कारखाना आला आणि त्याच्याभोवती ‘राहुरी फॅक्टरी’ नावाची वसाहत वसली. काम गावाकडे आले ते असे.

मग ज्या कामाला मुळीच वजन नाही, त्यासाठी माणसाने दीडशे किलोमीटर दूर जाऊन राहण्याचे कारण काय? २०२० च्या टाळेबंदीत हीच मुले गावी परतली आणि तेथूनच त्यांनी काम केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार विभागाने अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांवरील नोंदणीची अट काढून टाकली आणि घरून वा अन्य कोठूनही काम करण्यास मुभा दिली. म्हणजे कायद्याची आडकाठी त्याच वेळी उरली नाही.

मालकवर्गाची काही कारणे खरी आहेत, हे मान्य केले पाहिजे. नवख्या कामगाराला जाणत्याशेजारी बसून शिकावे लागते, ग्राहकांची माहिती जपावी लागते आणि गावाकडची वीज व तारेचे जाळे अजून भरवशाचे नाही. परंतु एक कारण सहसा बोलले जात नाही. शहरात बेकार तरुणांचा साठा हाताशी असतो. एक गेला तर दुसरा उद्या मिळतो, आणि शहरात राहण्याचा सारा खर्च कामगाराच्या खिशातून जातो. कामगाराच्या स्थलांतराचा खर्च कंपनीच्या हिशेबवहीत येत नाही. तो देवळाली प्रवरा येथील एखाद्या घराच्या हिशेबात येतो.

तो हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. समजा, पत्रात वर्षाला तीन लाख साठ हजार रुपये, म्हणजे महिना तीस हजार लिहिले आहेत. हा आकडा ‘सीटीसी’चा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या खर्चाचा असतो. हातात येणारा पगार निराळा. समजा, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा अठराशे आणि कामगाराचा अठराशे. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची तरतूद सातशे. व्यवसाय कर दोनशे. ‘कामगिरीनुसार’ म्हणून राखून ठेवलेले तीन हजार. हातात आले साडेबावीस हजार. यातून सामायिक खोलीतील एका खाटेचे सात हजार, खानावळीचे चार हजार, शहरातील जाण्यायेण्याचे दीड हजार, महिन्यातून दोनदा गावी येण्याचे एक हजार आणि किरकोळ पाचशे वजा करा. उरले साडेआठ हजार. तोच तरुण राहुरीत वा श्रीरामपुरात संगणक दुरुस्तीच्या दुकानात बारा हजारांवर राहिला, घरी जेवला आणि तीन-साडेतीन हजार स्वतःवर खर्च करता झाला, तर घराला तितकेच मिळतात. निर्वाह निधीची रक्कम पुढे त्याचीच असते, हे खरे. परंतु तीस हजार आणि बारा हजार यांत दिसणारे अंतर संसाराच्या हिशेबात जवळजवळ नाहीसे होते, हे पत्र वाचताना कोणी त्या घराला सांगत नाही.

तर मग जाऊच नये काय? असा सल्ला देणे हा अन्याय होईल. गावाचे गोडवे गाणारे बहुधा गावात ज्यांचे बरे चालते तेच असतात. याच जिल्ह्यात २०१३ साली सोनईत आणि २०१४ साली खर्ड्यात दलित तरुणांच्या हत्या झाल्या, याचा विसर पडून चालणार नाही. ज्याला गावात मान वर करून चालता येत नाही, त्याला शहरातील अनोळखीपणा हीच मोकळीक असते, आणि तिची किंमत वरच्या हिशेबात धरलेली नाही. लग्नाची घाई टाळून स्वतःच्या कमाईवर उभे राहू पाहणाऱ्या मुलीचेही तसेच आहे. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ साली खेड्याविषयी जी कठोर भूमिका मांडली, तिच्यामागे हाच अनुभव होता. तेव्हा जाण्याचा हक्क हा खरा हक्क आहे आणि समाजवाद्यांनी त्याला भावनेच्या भरात अडवता कामा नये.

पण जाणाऱ्याला पूर्वी आधार काय होता आणि आज काय आहे? घाटावरून आणि कोकणातून गिरणगावात गेलेला कामगार गावकऱ्यांच्या गाळ्यात उतरे, खानावळीत उधारीवर जेवे आणि गिरणीत त्याला युनियन भेटे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायांचीही १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटना बांधली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप हरला. तरीही तो कामगार एकटा नव्हता. आजचा टेक सपोर्टचा कामगार मात्र एकटा आहे. त्याला ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात, म्हणून तो स्वतःला कामगार मानत नाही. हुद्द्याचे नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहूनच कामगार ठरतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. संगणक क्षेत्राला संघटनेचे कायदे लागू आहेत, असा खुलासा तामिळनाडू सरकारने २०१६ साली केला. पुण्यातही अशा संघटनेचे प्रयत्न सुरू आहेत. तिकडे २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ठरीव उत्तरे देण्याचे काम आता यंत्रे करू लागली आहेत. अशा वेळी एकट्याने जाणे अधिकच जोखमीचे आहे.

आणखी एक धोका आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला, की थायलंडमधील संगणकाच्या नोकऱ्यांच्या आमिषाने तरुणांना म्यानमारमधील म्यावाडी भागात नेऊन डांबले जाते आणि त्यांच्याकडून फसवणुकीचे काम करून घेतले जाते. २०१६ साली मीरा रोडला अमेरिकन करदात्यांना लुबाडणारी कॉल सेंटरे पोलिसांनी उघडकीस आणली, तेव्हा पकडले गेलेले बहुसंख्य पगारी तरुणच होते. मालक कोण, ग्राहक कोण आणि काम कोणते, हे कळल्याशिवाय होकार देणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणे होय.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पत्र थेट कंपनीचे आहे की ठेकेदाराचे? काम कागदावरची उत्तरे वाचून दाखवण्याचे आहे की यंत्रणा समजून घेऊन दुरुस्त करण्याचे? रात्रपाळीला, विशेषतः मुलींना, घरापर्यंत वाहन आहे काय? नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार आहे काय? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत आणि नोकरीसाठी एक पैसाही भरू नये. काम शिकवणारे असेल, तर पहिल्या वर्षी शिल्लक कमी पडली तरी जावे, कारण ते ज्ञान पुढे कोठेही आणि कदाचित गावीही उपयोगी पडेल. काम केवळ उत्तरे वाचण्याचे असेल आणि गावात सन्मानाने राहता येत असेल, तर ज्या आकड्यातून काही उरत नाही त्याच्यासाठी जाऊ नये.

परंतु हा झाला एकेका घराचा निर्णय. चळवळीचे काम येथून पुढे सुरू होते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक तत्त्व जगासमोर ठेवले. मजुराने कामाच्या शोधात देशोधडीला लागू नये, काम त्याच्या गावाजवळ आले पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला. खडी फोडणाऱ्याला जे तत्त्व लागू केले, ते त्याच्या शिकलेल्या मुलाला का लागू करू नये? संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाने देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिला. न जाता जगण्याचा हक्क मात्र अजून मिळवायचा आहे.

याची वाट अगदीच अनोळखी नाही. केंद्राच्या बीपीओ प्रोत्साहन योजनेत लहान शहरांसाठी ४८,३०० जागांचे उद्दिष्ट ठेवून जागेमागे कमाल एक लाख रुपयांचे अर्थसाहाय्य देऊ केले होते आणि पुण्या-मुंबईसारखी महानगरे त्यातून वगळली होती. ते पैसे कंपन्यांना द्यायचे होते. तरुणांच्या सहकारी संस्थांना असे साहाय्य मिळावे, तालुक्याच्या गावी भरवशाची वीज आणि तारेचे जाळे असलेले सार्वजनिक कामाचे केंद्र उभे राहावे, आणि सरकारी खाती, विद्यापीठे व सहकारी बँका यांनी आपले टेक सपोर्टचे काम अशा केंद्रांना द्यावे, ही आपली मागणी असली पाहिजे. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. त्याचे काम त्याच तालुक्यातील मुलांनी का सांभाळू नये? शहरात जाणाऱ्यांसाठी परवडणारी वसतिगृहे आणि संघटना ही या मागणीची दुसरी बाजू आहे.

ज्या राहुरी फॅक्टरीने या परिसराला काम दिले, त्या कारखान्याचे धुराडे गेल्या दशकात अनेक हंगाम थंड राहिले. सहकाराची सूत्रे मूठभरांच्या हाती गेली की काय होते, हा धडा तेथे लिहिलेला आहे. तो लक्षात ठेवूनच नवा सहकार बांधावा लागेल. तोपर्यंत तालुक्यातील कार्यकर्त्यांना एक काम आजच करता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ कचेरीत बसावे आणि नोकरीचे पत्र घेऊन येणाऱ्याला ते ओळीओळीने वाचून द्यावे.