पोरीला प्रबोधिनीत धाडा, पण दप्तरासकट



रोवणीच्या दिवसांत पवनी तालुक्यातल्या एका गावात बैठकीला गेलो होतो. बैठक उठली, लोक पांगले, एक बाप मात्र मागे थांबला. "भाऊ, पोरीले धाडू का नोको?"

पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत. ८०० मीटर धावण्यात तिला गाठणारं आसपास कुणी नाही. गुरुजी म्हणतात, क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला बसवा, निवड झाली तर तिथंच राहणं, जेवण, शाळा आणि सराव. आई म्हणते, दहावी इथंच होऊ द्या, मग बघू. आणि भरतीची खासगी अकॅडमी चालवणारा एक जण म्हणतो, फी भरून माझ्याकडे द्या, शाळेत नाव फक्त कागदावर ठेवू.

मी त्या बापाला सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी मांडतो. पोरीला धाडा. पण दप्तरासकट धाडा. आणि तिसऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आधी "दहावीनंतर बघू" याबद्दल. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी योजना १९९६ ची. लहान वयातच खेळाडू हेरून घडवायचे हा तिचा पाया, म्हणून मुख्य निवड ८ ते १४ या वयोगटातली. उंची, उडी, धावणं, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्यांतून मुलं निवडतात. आठवीतल्या मुलीसाठी तो दरवाजा बंद होत आला आहे. आपली बरीच पोरं इथंच चुकतात. निर्णय टाळणं हाही निर्णयच असतो.

कुणी म्हणेल, अविनाश साबळे कुठं लहानपणी ट्रॅकवर गेला होता? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि २०१५ च्या सुमारास, विशी उलटल्यावर, सैन्याच्या क्रॉस कंट्रीत धावू लागला. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. अभिमान आहेच. पण एक साबळे वर आला म्हणून पांदण रस्त्यावर अनवाणी धावणाऱ्या बाकीच्या पोरांना ट्रॅक, खुराक आणि प्रशिक्षक लागत नाही, असं म्हणणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं आहे. अपवादावर समाज उभा राहत नाही.

आणि घर सोडून वसतिगृहात राहणं आपल्या चळवळीला नवं नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. का? गावात राहून पोरगं शिकू शकत नव्हतं म्हणून. खेळाचंही तेच आहे.

आता दप्तर कशासाठी? महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीचं गणित बघा. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. मुलींच्या ८०० मीटर धावण्याला त्यातले २० गुण. म्हणजे ही पोरगी जे जीव तोडून करते, त्याला १५० पैकी २०! शाळा कागदावर ठेवून फक्त पळवणारी अकॅडमी त्या २० गुणांसाठी १०० गुण बुडवते. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यालाही ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतलं प्रावीण्य, प्रमाणपत्राची पडताळणी आणि पदाची शैक्षणिक पात्रता लागते. गुडघा एका दिवसात जाऊ शकतो. शिकलेलं जात नाही.

त्याहून मोठं कारण इतिहासात आहे. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. त्यांची गोलंदाजी सवर्णांना चालत होती, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. २०२१ मध्ये ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारत हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. खेळ टाळ्या मिळवून देतो. पण संघ कोण निवडणार, कर्णधार कोण होणार, हे ठरवणाऱ्या खुर्चीपर्यंत जायला शिक्षण आणि संघटना लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, "पाठवा" एवढं सांगून हात झटकू नका. आठवीपर्यंतच्या मुलीचा शाळा बदलाचा दाखला शाळेला अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकानं तो लगेच द्यायचा असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज नव्या शाळेतून वेळेत भरला का, ते बघा. बापासोबत जाऊन विचारा: रोज किती तास शाळा भरते? मुलींच्या वसतिगृहात महिला अधीक्षक आहे का? दुखापत झाली तर खर्च कोण करतं? कामगिरी कमी पडली तर मध्येच घरी पाठवतात का? आईच्या भीतीला हसू नका, ती भीती खरी आहे. पोरीला १०९८ हा नंबर पाठ करायला लावा. आणि जयंतीच्या डीजेतून वाचवलेल्या पैशात विहार समितीनं तिला स्पाइक्स घेऊन द्यावेत.

शेवटचं. ती परत आली तर? येऊ द्या, आणि तोंड वाकडं करू नका. याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव पाहिला. अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. हरलेल्या माणसाची किंमत काय असते, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवू नये.

तो बाप सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "मंग चाचणीच्या दिवशी तुमी येसान ना संगं?"

येणार. तुमच्या गावात असा बाप असेल, तर त्याच्यासोबत तुम्ही जा.

जयभीम!