मुलांना वाद घालू द्या

ऑगस्ट उजाडला की शाळाशाळांतून टिळक पुण्यतिथीच्या भाषणांची लगबग सुरू होते. सहावी-सातवीतली मुले आई-वडिलांनी लिहून दिलेला मजकूर घोकतात आणि ‘अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी सुरुवात करून हातवाऱ्यांसह म्हणून दाखवतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट हटकून असतेच. यात वाईट काही नाही, सभाधीटपणा येतो. पण या पाठांतरालाच आपण वक्तृत्व म्हणतो, ही माझी तक्रार आहे.

दुसऱ्याला आपले म्हणणे पटते ते कशामुळे, याचा विचार ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात केला. त्याने तीन वाटा सांगितल्या : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. बारा वर्षांच्या मुलाला हे मुळीच अवघड नाही. सहलीची परवानगी मागताना ‘आजवर मी कधी खोटं बोललोय का?’ ही झाली पत. ‘सगळे जाणार, मी एकटाच घरी?’ ही भावना. ‘दोन सर बरोबर आहेत, सहाला परत येऊ’ हा युक्तिवाद. मुले हे रोज करतात. त्याला शास्त्र आहे, एवढेच त्यांना कुणी सांगितलेले नसते.

आपल्या न्यायशास्त्रानेही भेद केले आहेत. सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडायचे ती वितंडा. आपण मात्र ‘वाद’ म्हणजे भांडण असे ठरवून टाकले.

आता टिळकांचेच पाहा. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात स्वतःच ज्यूरीपुढे बाजू मांडली. हे भाषण काही दिवस मिळून २१ तासांवर चालले. ज्यूरीत बहुसंख्य युरोपियन होते. त्यांनी ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवले आणि टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली. उलट, मुंबईच्या गिरणी कामगारांनी निषेधार्थ ६ दिवस संप केला. त्यातल्या कितीजणांनी ते भाषण वाचले असेल? तिथे पत बोलली. युक्तिवाद कितीही भक्कम असला तरी ऐकणारा कोण, यावर बरेच अवलंबून असते. टरफलांच्या गोष्टीबरोबर हेही मुलांना सांगायला नको का?

कारण आज त्यांना पटवायला बसलेले कमी नाहीत. लाडका खेळाडू हातात बाटली धरून हसतो. ‘आज शेवटचा दिवस’ म्हणून दुकान घाई करते. मोबाईलवरचा निरोप ‘दहा जणांना पाठवा’ म्हणून धाक घालतो. अशा वेळी मुलाने तीन प्रश्न विचारावेत. सांगणारा कोण आणि त्याचा फायदा काय? तो माझ्या भीतीला हात घालतोय की हावेला? आणि पुरावा कुठे आहे?

हे प्रश्न उद्या घरातही येतील. ‘मी सांगतो म्हणून’ हे आपले ठेवणीतले उत्तर निव्वळ पतीवर चालते, त्यात युक्तिवाद नसतो. मूल ‘का?’ म्हणाले की आपण त्याला उद्धट ठरवतो. घरात गप्प बसवलेले मूल बाहेरच्या गोडबोल्यापुढे प्रश्न विचारील, ही अपेक्षा मला तरी व्यर्थ वाटते.

तेव्हा यंदा भाषण लिहून देऊ नका. एखादा साधा विषय द्या, आधी बाजूने आणि मग विरुद्ध बोलायला सांगा. मूल अडखळेल, बक्षीसही हुकेल. हुकू द्या.