खाली बस म्हणणाऱ्यांनो, आधी मिलिंद वाचा!

रविवारी विहारात मुले जमतात. त्रिसरण-पंचशील होते. मध्येच एखादी सातवीतली मुलगी विचारते, "सर, वेरमणी म्हणजे काय?" मागून कुणीतरी खेकसतो, "आधी पाठ कर, अर्थ नंतर!" मुलगी खाली बसते. पुढच्या रविवारी ती विचारत नाही. वेरमणी म्हणजे दूर राहणे, परावृत्त होणे. एवढे सांगायला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही. पण सांगणाऱ्यालाच माहीत नसेल तर? मग दरडावणे सोपे!

आम्ही हे कुणा एका विहाराबद्दल बोलत नाही. चळवळीच्या बैठकीत, जयंती मंडळात, वसतिगृहाच्या खोलीत, सगळीकडे हेच चालले आहे. "एवढेही माहीत नाही?" हे तीन शब्द फेकले की समोरचा गप्प बसतो. आमच्या आजा-पणज्याने प्रश्न विचारला तर गावात त्याची काय गत होत असे, हे आम्ही घरोघरी ऐकलेले आहे. तीच दहशत आता आमचेच लोक आमच्याच पोरांवर बसवणार काय?

परमपूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंदचे नाव मिळाले आणि परिसर झाला नागसेनवन. हा मिलिंद कोण? प्रश्न विचारत होता तेव्हा तो भिक्खू नव्हता, अर्हत तर नव्हताच. तो साकलचा ग्रीक राजा, पंडितांना प्रश्न विचारून निरुत्तर करणारा. उत्तरे देणारे भदंत नागसेन. कॉलेजला मात्र नाव लाभले प्रश्न विचारणाऱ्याचे! नागसेनवनात शिकून मोठे झालेल्यांनी तरी हे विसरू नये.

'मिलिंद पञ्ह' ग्रंथात चर्चेला बसण्यापूर्वी नागसेन राजाला एक अट घालतात. पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजांसारखे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात एक जण गाठ मारतो, दुसरा सोडवतो. कुणाचे खंडन झाले तर तो ते मान्य करतो, रागावत नाही. राजांच्या वादात राजा एक मुद्दा मांडतो आणि जो मान्य करणार नाही त्याला दंड होतो. ही अट मिलिंदाने मानली. आमचे किती पुढारी मानतील? आमच्या बैठका बहुतेक राजवादानेच चालतात. पावतीपुस्तकाचा हिशेब विचारला की तो फितूर, ठरावावर शंका काढली की तो दुसऱ्या गटाचा माणूस!

गंमत अशी की हेच लोक भाषणात कालामसुत्त सांगतात. केसपुत्तच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही विश्वास कुणावर ठेवावा? तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले, असे तथागत म्हणाले. आमचे वक्ते हे सांगून टाळ्या घेतात आणि प्रश्नोत्तरे न घेताच मंचावरून उतरतात.

1855 साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग समाजाची मुलगी ती. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचे धर्मपुस्तक कोणते, असा तिचा सरळ सवाल होता. त्या शाळेत कुणी तिला "खाली बस" म्हटले असते तर?

आणि हा मामला केवळ धम्माचा नाही, पोटाचाही आहे. शिष्यवृत्ती अडलेली पोरे आम्ही पाहतो. कधी बँक खाते आधारला जोडलेले नसते, कधी अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच पडून असतो. खिडकीवर जाऊन विचारायचे तर बाबू हसेल, मित्राला विचारायचे तर तोही हसेल, म्हणून पोरगा वर्षभर गप्प. फी थकते, परीक्षेचा फॉर्म अडतो. घरात शिकलेला तोच पहिला, तो घरी विचारणार कुणाला?

2005 चा माहिती अधिकार कायदा सांगतो की माहिती का हवी, याचे कारण अर्जदाराने देण्याची गरज नाही. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर. समाजकल्याणच्या साहेबाला "तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?" असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मात्र ती आम्ही आपण होऊन दिली आहे!

येत्या 14 एप्रिलला आमची एवढीच मागणी आहे. डीजेच्या खर्चातून नव्हे, फक्त भाषणांच्या वेळातून अर्धा तास काढा. माईक मंचाखाली, सतरंजीवर बसलेल्यांच्या हातात द्या. पहिला प्रश्न सगळ्यात लहान पोराला विचारू द्या. आणि प्रमुख पाहुण्यांनी उत्तर द्यायला थांबावे, पुढच्या कार्यक्रमाची गाडी बाहेर हॉर्न देत असली तरी.