कागदाचा उजेड, मेणाची रेघ

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रहात सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे एक चित्र आहे. एका हातात दिवा आणि ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरून उभी असलेली, साडी नेसलेली तरुणी. बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड आणि मागचा दाट अंधार पाहून पुष्कळांना ते तैलचित्र वाटते, आणि कित्येक जण ते राजा रविवर्म्याच्या नावावर घालून मोकळे होतात. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास, आपली कन्या गीता हिला समोर उभे करून, ते जलरंगात रंगवले.

तैलरंगात ज्योत रंगवायची तर अंधार आधी भरून घेता येतो आणि शेवटी पिवळसर पांढऱ्याचा जाड फटकारा देता येतो. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. जलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड, बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक आणि पाणी. वाळल्यावर कागदावर उरतो तो विरळ, आरपार दिसणारा थर. प्रकाश त्यातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. चित्रात दिसणारा उजेड अशा प्रकारे कागदाचाच असतो. सर्वांत उजळ जागा पहिल्यापासून कोरी राखावी लागते, आणि काळोखाकडे पायरीपायरीने जावे लागते.

मानवी त्वचेचे वागणेही काहीसे असेच आहे. तिच्यावर पडलेला सगळा प्रकाश पृष्ठभागावरून परतत नाही. काही भाग आत शिरतो, विखुरतो, रक्ताची लाली घेऊन बाहेर येतो. ज्योतीसमोर धरलेली बोटे तांबडी दिसतात ती यामुळेच. पातळ थरावर पातळ थर चढवत नेलेला जलरंग या घटनेच्या जितका जवळ जातो, तितका जवळ क्वचितच दुसरा रंग जातो. देहचित्रणासाठी जलरंगाचा मोह पडतो त्याचे कारण येथे आहे.

अडचणही येथेच आहे. निसर्गचित्रात झाडाची फांदी बोटभर सरकली तर कोणाला कळत नाही. चेहऱ्यात डोळा गव्हाभर सरकला की माणूस बदलतो. आणि पाणी तर स्वतःच्या नियमांनी चालते. ओला थर वाळताना कडेशी बाष्पीभवन वेगाने होते, ती तूट भरायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि रंगाचे कण तिथे नेऊन टाकते. चहाच्या थेंबाच्या डागाला गडद कड येते तीही याच कारणाने. शिकागो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये या क्रियेची उकल मांडली. गालावर अशी कड अवचित उमटली तर तिथे सुरकुती किंवा व्रण दिसू लागतो. ती पुसावी म्हटले तर कागद खरवडतो.

या पेचातून सुटायला चित्रकारांनी जलरंगाच्या जोडीला दुसरे साधन घेतले. मॉडेलवरून नजर न काढता शिसपेन्सिलीची सलग रेषा ओढायची आणि मग तिच्यावर जलरंगाचा पातळ थर सोडायचा, ही फ्रेंच शिल्पकार ओग्युस्त रोदँची रीत. व्हिएन्नाचा एगॉन शीले पेन्सिल किंवा काळ्या खडूने देहाची टोकदार बाह्यरेषा पक्की करी. तिच्या आत जलरंग आणि ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, भरी. रंग तो नंतर, मॉडेल समोर नसताना भरत असे, अशी आठवण त्याला जवळून पाहणाऱ्यांनी नोंदवली आहे. दोघांकडेही कामाची वाटणी स्पष्ट आहे. हाडामांसाचा भार रेषा उचलते, त्यामुळे रंगाला आकार सांभाळण्याची सक्ती राहत नाही.

या वाटणीचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मात्र हेन्री मूर या शिल्पकाराचे आहे. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि हजारो लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपू लागले. एका रात्री घरी परतताना मूर बेल्साइझ पार्क स्थानकात अडकला आणि ते दृश्य त्याने पाहिले. झोपलेल्या, अवघडलेल्या माणसांसमोर वही उघडून बसणे त्याला प्रशस्त वाटले नाही. तो मोजक्या शब्दांत टिपणे करी आणि चित्र घरी येऊन काढी. पेन्सिल, शाई, मेणखडू आणि जलरंग ही त्याची सामग्री.

क्रम महत्त्वाचा होता. आधी फिकट मेणखडूने आकृतीच्या उजळ बाजू ओढायच्या, मग वरून गडद जलरंगाचा हात फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, ते बाजूला ओघळते. मेणाची रेघ उजळ राहते आणि भोवती काळोख साचतो. कोरा कागद राखण्याचे जे काम हळदणकर संयमाने करत, ते इथे मेण करते. शिवाय खरबरीत कागदावर मेण तुटक बसते, त्यामुळे पांघरुणाखालची माणसे धुळीने माखलेली, जवळपास दगडी दिसतात. शेवटी शाईच्या आडव्या रेषांनी देहाची गोलाई बांधली जाते. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाच्या अर्धवट बांधलेल्या बोगद्यात दूरवर ओळीने झोपलेल्या माणसांचे त्याचे १९४१चे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यातून मेण वजा केले तर चित्र उरणार नाही.

मिश्रण फसते कसे, तेही पाहू. कोळशाने रेखाटून तो पक्का न करताच ओला रंग लावला की भुकटी पाण्यात मिसळते आणि त्वचा राखी होते. पाण्यात विरघळणारी शाई असेल तर रेषाच वाहते. चुकलेला गाल झाकायला पारदर्शक थरावर पांढरा मिसळलेला रंग चढवला तर प्रकाश कागदापर्यंत पोचण्याआधीच विखुरतो. तेवढा भाग खडूसारखा निर्जीव दिसतो आणि शेजारचा पारदर्शक भागही त्यामुळे मळकट वाटू लागतो. आपल्याकडे प्रदर्शनांत मिश्र माध्यमातील जी देहचित्रे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच चित्रांत दुसरे माध्यम अशा डागडुजीसाठी आलेले असते. सोनेरी वर्ख आणि वर्तमानपत्राचे तुकडे तर हल्ली कशावरही बसतात.

म्हणून काही जण शुद्ध जलरंगाचा आग्रह धरतात. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२मध्ये आपला प्रसिद्ध ससा पारदर्शक आणि अपारदर्शक रंग मिळूनच केला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतील ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ ही १५६५च्या सुमाराची सचित्र पोथी आहे. तिच्यातील माणसे अपारदर्शक जलरंग आणि सोन्यात रंगवलेली आहेत. कागदाच्या पांढरेपणावर भिस्त ठेवणारी पारदर्शक पद्धत आपल्याकडे रुजली ती इंग्रजी अमदानीत. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्टही त्याच काळातले, १८५७चे. हळदणकरांचे कौशल्य असामान्य होते, पण एका चित्रकाराच्या कौशल्याचा सगळ्यांसाठी नियम करण्याचे कारण नाही.

आमचे मत या दोन्ही टोकांहून वेगळे आहे. जे काम जलरंगाला स्वभावतःच जमत नाही, त्यासाठी दुसरे साधन जरूर घ्यावे. जे चित्रकाराला अजून जमत नाही, त्यासाठी घेऊ नये. शिकणाऱ्याने आधी एकरंगी पातळ थरांत लाइफ स्टडी, म्हणजे समोरच्या मॉडेलवरून देहाचा अभ्यास, करावी, आपली रेषा कुठे कमी पडते आणि पाणी कुठे, हे ओळखावे, मग खडूला हात घालावा. शाळेपासून ‘रंग भरायची’ सवय लागलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हा क्रम उलटा वाटेल, आणि शिक्षकांनाही त्यासाठी वेळ काढावा लागेल.

विकत घेणाऱ्याचाही यात संबंध आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डिंक आणि कागदातील जिलेटिन हे बुरशीचे खाद्य ठरते. मेण उन्हाने मऊ पडते. पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राला काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा लावला तर त्यावरील स्थिर विद्युत भुकटी ओढून घेते. चौकट करणाऱ्या कारागिराला नुसते ‘मिश्र माध्यम’ असे सांगून यातले काहीच कळत नाही. कोणता कागद, कोणता रंग, मेण आहे की खडू, वर स्थिरक फवारला आहे का, एवढे चित्रकाराने मागच्या बाजूला लिहून द्यावे. त्याला चार ओळी पुरतात.